समुद्रावर राहायला जाताना तिथी पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की ठाणे, नवी मुंबईतल्या घरांत अलिबाग, नागाव, मुरूड, दिवेआगरची बोलणी सुरू होतात. हॉटेलात दोन खोल्या घेण्यापेक्षा समुद्राकाठचा फ्लॅट चार दिवस भाड्याने घ्यावा, स्वयंपाकघर हाताशी असावे, म्हाताऱ्या माणसांना दुपारी पडायला वेगळी खोली मिळावी, हा बेत चांगलाच असतो. मात्र तो ठरतो शनिवार-रविवार आणि फोटो पाहून. फोटोत गॅलरीच्या कठड्यापलीकडे निळे पाणी असते आणि खाली ‘समुद्र दोन मिनिटांवर’ एवढी ओळ. भरती कधी आहे, नळाला कुठले पाणी येते, विजेचा भार किती झेपतो, यातले काहीच तिथे नसते. चार दिवस विसावा मिळणार की नुसती दगदग होणार, हे ठरते ते नेमके यावरच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच अंकात रोज छापून येते. पंचांगाच्या चौकटीत तिथी असते आणि आपल्या किनाऱ्यावर तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. चंपाषष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दत्त जयंतीच्या पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास बारा धरलेले बरे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. रोजचा हा थोडा फरक पंधरवड्यात साठत जातो. पूर्ण ओहोटी भरतीच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. ज्यांनी शाळेत पाऊणकी पाठ केली त्यांना यासाठी मोबाइलही लागत नाही. फक्त मकर संक्रांतीच्या दिवशी गफलत करू नये. संक्रांत सूर्यावर चालते आणि भरती चंद्रावर; त्या दिवशीची तिथी वेगळी पाहावी लागते.

वेळेइतकेच महत्त्व उंचीला आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो, तेव्हा तोच फरक दीड-दोन मीटरवर येतो. चार मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण वाळूचा उतार पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटर चालल्यावर एक मीटर, असेल तर पाणी तब्बल २०० मीटर मागे सरते. अलिबाग, नागावचा किनारा असाच सपाट आहे. सकाळी सहाला गॅलरीत आलेल्या माणसाला नुसती ओली वाळू दिसते आणि फोटोतला समुद्र कुठे गेला असे वाटते. तो फोटो भरतीच्या वेळचा असतो, इतकेच. सर्वांत मोठे उधाणही नेमक्या पौर्णिमेला नसते, ते एक-दोन दिवस उशिरा येते.

मग कोणी कधी जावे? संध्याकाळी अनवाणी लांबवर चालायचे असेल, मुलांना ओल्या घट्ट वाळूवर क्रिकेट खेळायचे असेल, तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी. संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि त्याच सुमारास सूर्यास्त. डिसेंबरच्या पूर्वार्धात आपल्याकडे सूर्य सहा-साडेसहाच्या मध्ये नव्हे, जवळजवळ सहालाच मावळतो. ज्यांना गुडघे दुखत असल्याने वाळूत उतरायचेच नाही, गॅलरीत खुर्ची टाकून लाटा ऐकायच्या आहेत, त्यांनी अष्टमी ते दशमी निवडावी. भांगाचे पाणी फार मागे जात नाही, दिवसभर नजरेसमोर राहते आणि तिन्हीसांजेला भरतीने जवळ येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे असेल तर प्रतिपदा ते चतुर्थीची सकाळ सर्वांत सोयीची. ओहोटी सात ते नऊच्या दरम्यान, उधाणाची असल्याने पाणी खूप खाली गेलेले, आणि ऊनही कोवळे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावे आणि ओहोटीची वेळ टळल्यावर अर्ध्या तासात माघारी वळावे. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते, पण भांगाची. वाटेतले पाणी पुरते हटत नाही, त्या दिवशी हा बेत आखू नये.

पोहण्याबाबत मात्र कुठल्याही तिथीचा भरवसा धरू नये. हिवाळ्यात समुद्र शांत दिसतो आणि तेच घातक ठरते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्या अलीकडे खोलगट पट्टे. ओहोटीला माणसे घोटाभर पाण्यातून चालत पुढच्या उंचवट्यापर्यंत जातात. पाणी फिरले की आधी भरतो तो मागचा खोलगट पट्टा. समोर पाणी गुडघ्याएवढेच दिसते आणि परतीच्या वाटेवर ते छातीपर्यंत आलेले असते. उतरत्या पाण्याला बाहेरची ओढ असते, ती वेगळीच. खाडीच्या मुखाजवळ तर दोन्ही वेळा प्रवाह जोरात असतो. काशीदला वाळू देखणी, पण उतार तीव्र आहे. चार पावलांत तळ सुटतो. जीवरक्षक बसतो त्याच्या समोरच, कमरेच्या खालच्या पाण्यात, आणि पोटात दारू नसताना, एवढे तीन नियम घरातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगावेत. गाडी वाळूवर नेऊ नये. वरून कडक दिसणारी वाळू चाकाखाली बसते, गाडी काढायला तास-दीड तास जातो आणि भरती तेवढा वेळ थांबत नाही.

जाण्याच्या वाटेबद्दल थोडक्यात. गाडीने पळस्पे, पेण, वडखळ हा नेहमीचा मार्ग. वडखळच्या पुढे पोयनाड ते कार्लेखिंड शनिवारी सकाळी आणि परतताना रविवारी संध्याकाळी हमखास तुंबते. सोमवार ते गुरुवार जमत असेल तर रस्ता, भाडे आणि पाणी तिन्ही सुसह्य होतात. नवी मुंबईकरांसाठी आणखी एक वाट आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते. तिथून करंजा, करंज्याहून लाँचने रेवस आणि पुढे अलिबाग. सामान थोडे असेल तर ही वाट स्वस्त आणि मजेची आहे, पण गाळामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागायला अडचण होते. म्हणजे इथेही तिथीच पाहायची.

आता फ्लॅटकडे. ‘सी फेसिंग’ म्हटले की आपण जास्त पैसे मोजतो, पण गॅलरी नेमकी कुठे तोंड करून आहे हे विचारत नाही. डिसेंबरात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. पश्चिमेला तोंड करून उभे राहिल्यावर तो डाव्या हाताला दिसतो. त्या बाजूला शेजारची इमारत असेल तर मे महिन्यात दिसणारा सूर्यास्त डिसेंबरात दिसत नाही. म्हणून मालकाला विचारावे, ‘गॅलरीतून डावीकडे काय आहे?’ फोटो कधीचा हेही विचारावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची असंख्य झाडे आडवी झाली. जुन्या फोटोतली सावली आज असेलच असे नाही.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत शिकलो, ते इथे उपयोगी पडतात. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्यामुळे दुपारी समुद्राकडची खोली वाऱ्याची, पण उन्हाचीही. रात्री वारा लागतो तो पूर्वेकडच्या खोलीला. वडीलधाऱ्यांना झोपायला तीच द्यावी, खिडक्यांना मच्छरजाळी असल्याची खात्री करून. डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर रात्री पंखा पुरतो, तेव्हा प्रत्येक खोलीत एसी आहे म्हणून वाढीव भाडे देण्यात अर्थ नाही. पहाटे वाळूवर फिरायला जाणाऱ्याने कानाला रुमाल आणि अंगावर शाल मात्र घ्यावीच.

पाण्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो समजून घेतला तर निम्मा सुटतो. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी रोज १३५ लिटर. सहा माणसांचे ८१० लिटर झाले. समुद्रावरून आल्यावर दुसरी आंघोळ होतेच, म्हणजे एक हजार लिटरची टाकी सहा जणांना जेमतेम एक दिवस. वीस फ्लॅटच्या इमारतीत एरवी चार-पाच फ्लॅट उघडे असतात, तेव्हा काही जाणवत नाही. नाताळ ते ३१ डिसेंबर सगळे भरतात. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. बोअरवेलचा पंप रात्रंदिवस चालला की वरचा गोड्या पाण्याचा थर उपसला जातो आणि खालचे खारे पाणी वर ओढले जाते. पहिल्या दिवशी बरे वाटलेले पाणी तिसऱ्या दिवशी मचूळ लागते ते यामुळे. अशा जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरट साका धरतो. अंगाला लावायचे द्रव साबण आणि शाम्पू त्यामानाने चालतात. तूरडाळ कुकरच्या पाच शिट्ट्या होऊनही कणीदार राहते, भाताला पिवळट झाक येते. उपाय एकच: पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर वेगळे पाणी. चार माणसे, तीन दिवस म्हणजे ६० लिटर, वीस लिटरचे तीन जार. ते पोहोचण्याआधी फ्लॅटवर आणून ठेवायला केअरटेकरला सांगावे. फ्लॅट ठरवताना मालकाकडून नळ चालू करून, हातावर साबण चोळून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मागावा. दहा फोटोंपेक्षा तो जास्त सांगतो.

फ्लॅटचे दार उघडले की कुबट किंवा गटाराचा वास येतो आणि आपण साफसफाईला दोष देतो. कित्येकदा कारण दुसरेच असते. नहाणीच्या जाळीखाली वाकडा सांधा असतो, त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहते. ते पाणी म्हणजेच गटारातली हवा अडवणारे झाकण. फ्लॅट तीन-चार आठवडे बंद राहिला की ते उडून जाते. मग वासही वर येतो आणि झुरळेही. आत शिरल्यावर सामान ठेवायच्या आधी प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये आणि सिंकमध्ये एकेक तांब्या पाणी ओतावे, खिडक्या उघडाव्यात, सगळे नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावेत. अर्ध्या तासात घर राहण्यासारखे होते. पाणी शुद्ध करायचे यंत्र असेल तर पहिले चार-पाच लिटर पाणी बादलीत काढून धुण्या-पुसण्याला वापरावे. आणि समुद्रावरून आल्यावर पाय दाराबाहेर बादलीत धुवावेत. पायाची वाळू नहाणीत गेली की याच वाकड्या सांध्यात बसते आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाणी तुंबते.

विजेचा हिशेबही साधा आहे. ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा खटका, २३० व्होल्टवर सुमारे ७.३ किलोवॅट झेलतो. दीड टनाचे दोन एसी म्हणजे साधारण साडेतीन, दोन-दोन किलोवॅटचे दोन गिझर म्हणजे चार. झाले साडेसात. त्यात कोणी इंडक्शनवर चहा ठेवला की खटका पडतो आणि भर संध्याकाळी काळोख होतो. गिझर आळीपाळीने लावले तर ही वेळच येत नाही. इमारतीला जनरेटर असल्यास तो लिफ्टला आहे की फक्त जिन्याच्या दिव्यांना, हे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आजी-आजोबांना नेणाऱ्याने आवर्जून विचारावे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. न्हाणीघरातच बसवलेला गॅस गिझर दिसला तर दार-खिडकी बंद करून तो वापरू नये. हवा अपुरी पडली की गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस गुंगी येऊन पडतो आणि बाहेरच्यांना कळतही नाही. थंडीत खिडकी लावून घेण्याकडे आपला कल असतो, म्हणून हा धोका याच दिवसांत वाढतो. बादली बाहेर भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मग आंघोळीला जावे.

पैशांचे म्हणाल तर पूर्ण रक्कम आधी पाठवू नये. मालक किंवा केअरटेकरने व्हिडिओ कॉलवर खालच्या फाटकापासून गॅलरीपर्यंत चालत दाखवावे, मगच आगाऊ रक्कम द्यावी. खोट्या जाहिरातीत अडकल्याचे लक्षात आले तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. आधारच्या प्रती, अनामत कधी परत मिळणार, बेत रद्द झाल्यास किती रक्कम कापणार, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावे. सोसायटी दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना परवानगी देते का, हेही विचारावे. नाहीतर सामानासकट फाटकावर खोळंबा होतो. निवृत्त मंडळी आता महिना-दीड महिना राहायला जातात. त्यांनी नुसत्या तोंडी बोलीवर राहू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो.

स्वयंपाकघर मिळाले आहे तर या दिवसांतले या मातीतले खावे. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपलेली असल्याने बाजार भरलेला असतो. पांढरा कांदा अलिबागची शान, पण त्याची लागवड भात कापल्यानंतर होते आणि नवा कांदा फेब्रुवारीच्या सुमारास येतो, हे डिसेंबरात रस्त्याकडेच्या माळा घेताना ध्यानात असू द्यावे. खरी थंडीतली मेजवानी पोपटी. वालाच्या शेंगा भरल्या की, साधारण जानेवारीत, केअरटेकरला किंवा शेजारच्या वाडीवाल्याला आदल्या दिवशी सांगावे. माठाच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडे मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी, चालत असेल त्यांनी मसाला लावलेले चिकन, पुन्हा पाला आणि तोंड पाल्यानेच घट्ट बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगा आणि पाला आपल्या वाफेवर सगळे शिजवतात. माठ उपडा ठेवून भोवती पेंढा, झावळ्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने माठावर पाण्याचा हबका मारावा. चर्र आवाज आला की झाली. आच वाऱ्याच्या बाजूला जास्त लागते, तेव्हा जाळ सगळीकडे सारखा राखणारा एक माणूस तिथे बसलेला हवा. हे अंगणात करावे, वाळूवर नव्हे. दिवेआगर, हरिहरेश्वरकडे याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. जाळ आणि गॅलरीतले झगझगीत दिवे पाहून त्या माघारी फिरतात. रात्री समुद्राकडचे दिवे मालवावेत आणि पडदे ओढावेत.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची बातमी होते, मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा आपले हजारो वाचक खरोखर किनाऱ्यावर असतात, तेव्हा भरतीचा उल्लेखही कुठे नसतो. पाऊणकीचा हिशेब बेत आखायला पुरतो, किल्ल्यात जायला किंवा पाण्यात उतरायला नेमकी वेळच हवी. ठाणे-रायगडच्या पानावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या खाली दोन भरत्या, दोन ओहोट्या, त्यांच्या वेळा आणि मीटरमधली उंची एवढ्या दोन ओळी रोज द्याव्यात. दुसरी मागणी जाहिरात विभागाकडे. किनाऱ्यावरचा फ्लॅट भाड्याने देण्याची जाहिरात घेताना पाणी नळाचे की बोअरचे, टाकी किती लिटरची, गिझर विजेचा की गॅसचा आणि जवळच्या किनाऱ्यावर जीवरक्षक आहे की नाही, ही माहिती जाहिरातदाराकडून मागून घ्यावी आणि जाहिरातीतच छापावी.

कळावे,
आपला नियमित वाचक,
नेरुळ, नवी मुंबई